बर्फपेटीतलं धुकं

१२ ऑक्टोबर
ओहायोतल्या या गावात येऊन जेमतेम आठवडा झाला, पण गल्लीने मला आपलंसं केलंय. महिनाअखेरीस हॅलोविनला इथे अंगणाअंगणांत भुताखेतांच्या सजावटीची चढाओढ असते. शेजारचे गस सकाळीच टोमणा मारून गेले, "ट्रूडी, तुझ्या दारात साधा भोपळाही नाही. पोरांना वाटेल, घर अजून रिकामंच आहे." म्हटलं, बघाच तुम्ही.

धुराचं यंत्र भाड्याने मिळालं. पण त्याचा धूर गरम, वर उडून जातो. तोच बर्फावरून नेला की जमिनीलगत सरपटतो. मागच्या शेडमध्ये एक जुनी, मोठी पत्र्याची बर्फपेटी सापडली. दोन्ही बाजूंना भोकं पाडली, आत जाळी बसवली, जाळीवर बर्फ. एका भोकाला यंत्र, दुसऱ्याला कपडे वाळवायच्या मशीनची घडीची नळी. झाकणाला चिकटपट्टी. झालं काम.

१९ ऑक्टोबर
आज करून पाहिलं. धुकं गवतावर सांडलेल्या दुधासारखं पसरलं. सगळी गल्ली बघायला आली. गसनी मात्र पेटी ओळखली. नंतर बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की समोरच्या लॉरीन हॉस्टेटर पूर्वी याच घरात राहायच्या. त्यांचा सहा वर्षांचा डीन लपाछपी खेळताना या पेटीत शिरला आणि बाहेरून कडी पडली. तेव्हापासून पेटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

टाकून द्यायला हवी. पण किती कौतुक झालं माझं. लॉरीन तर घराबाहेरही पडत नाहीत.

पेटीला आतबाहेर काळा रंग दिला. आता ओळखू येणार नाही.

३१ ऑक्टोबर
दिवेलागणीला अंगण पोरांनी भरलं. तेवढ्यात लॉरीन रस्ता ओलांडून आल्या, घरातल्याच सपाता घालून. धुक्यात गुडघे टेकले, पेटीला कान लावला आणि म्हणाल्या, "डीन, पुरे आता, बाळा. बाहेर ये."

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, "ट्रूडी, ही बाई कुठून शोधून आणलीस ग?"

मी हसले. सांगितलं नाही काही. हसले.

२ नोव्हेंबर
यंत्र परत केलं. बर्फाचं पाणी झालं. तरी नळीतून धुकं येतंय.

पट्टी ओढून झाकण उघडलं. पेटी रिकामी. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे, लहान लहान. माझ्या काळ्या रंगावर —

३ नोव्हेंबर
माफी मागायला गेले. लॉरीननी दार जरासं उघडलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "इतकी वर्षं हाका मारल्या, माझ्याकडे कधी आला नाही. तुझ्याकडे आलाय. त्याला गार वाजतं. जवळ घे." दार लागलं.

४ नोव्हेंबर
पेटी गसनी गाडीत घालून नेली. धुकं राहिलं. आता घरात आहे. जिन्यावर — थांबत थांबत —

५ नोव्हेंबर
पांघरूण पायाकडून उचललं जातंय. बोटं — गार, इवलीशी —

सरकून जागा केली मी. नाही म्हणायला मला तोंड कुठे —