श्रावणात चुकलेल्या कॅप्सूल

आई, तुझ्या मुलीपुढे मी हात टेकले. तू असतीस तर तुझ्याशीच भांडलो असतो, कारण हे सगळं तुझंच वळण आहे. तुला नेलं त्याच आजारानं आता ताईला गाठलंय. पण तुझ्या वेळी नव्हतं ते औषध आज आहे, आणि तुझा मुलगा प्रयोगशाळेत तसल्याच औषधांवर वर्षानुवर्षं डोकं फोडतोय. पेशीत एक एन्झाइम असतं, ते पेशीला सांगतं, 'चल, आता दोन हो.' कॅन्सरच्या पेशीत ते थांबायचं नावच घेत नाही. हे औषध त्यालाच अडवतं. तीन आठवडे रोज एक कॅप्सूल, मग एक आठवडा सुट्टी. मध्येच खाडे केले की एन्झाइमला रान मोकळं.

मुलुंडला ताईकडे जेवताना हे सगळं मी तिला मोठ्या ऐटीत समजावलं. वर कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हेही सांगून टाकलं. कुणी विचारलं होतं? पण अक्कल पाजळायची खोड! ती नुसतं "अरे देवा" म्हणाली आणि मला आणखी आमटी वाढली.

श्रावण संपल्यावर तिच्या औषधांच्या डब्यात जवळजवळ भरलेली बाटली सापडली.

"ताई, हे काय?"

"श्रावणात वशाट कसं घेऊ रे? आईने चालवून घेतलं असतं?"

"अगं, औषध आहे ते! कोंबडी नाहीये!"

"तूच म्हणालास ना, हाडांपासून करतात म्हणून?"

"मग मला विचारायचंस तरी! त्याच औषधाची साधी गोळीपण मिळते."

"तू चिडतोस. म्हणून नाही विचारलं."

कप्पाळ माझं! कुर्ल्याच्या खोलीत श्रावण लागायच्या आदल्या दिवशी तू मासळीची भांडी घासून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकायचीस. एकदा सोमवारी मी मित्राच्या डब्यातलं अंडं खाऊन आलो, तर दारातच उभं केलंस. "आधी आंघोळ कर, मगे घरात पाय ठेव." तेव्हा ताई आतून खिदळत होती. तिने तुझा नियम बरोबर उचलला, तू मात्र तिला कळलीच नाहीस. तू असतीस तर कानफटात देऊन कॅप्सूल गिळायला लावली असतीस, श्रावण असो नाहीतर चतुर्थी.

गेल्या आठवड्यात तपासणीत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कॅप्सूल रोज घेतल्यात ना?" ताई म्हणाली, "हो." मग मॅडम म्हणाल्या, हे औषध तुम्हाला लागू पडत नाहीये, बदलू या. मी शेजारीच बसलो होतो. कदाचित चालणारं औषध आपण फुकट घालवतोय, हे मला ढळढळीत दिसत होतं. तरी मी एक शब्द बोललो नाही. ताईची लाज राखली, असं घरी येईपर्यंत स्वतःला पटवत राहिलो. खरं सांगू? जिलेटिनचं हिला कुणी सांगितलं, असं मॅडम विचारतील, याची मला भीती वाटली.

सोमवारी नवं औषध सुरू व्हायचंय. हे पत्र कुठेच पोचणार नाही, म्हणून तर तुला लिहिणं सोपं जातंय. फोन करायचाय तो मॅडमना, आणि तो मी अजून केलेला नाही.