पाण्यात मेलेल्या चिंबोऱ्या

आय, गेल्या शुक्रवारी धाकटीचा फोन आला होता. मालाडच्या बाजारात तुझ्या जागेवर आता ती बसते. तू गेलीस तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या घालायची. आता गिऱ्हाइकाने पापलेट उगाच दाबून बघितलं की तुझ्याच आवाजात विचारते, "ताई, मावरं घ्यायला आलाय का मुलगी बघायला?" गेल्या महिन्यापासून तिने चिंबोऱ्याही ठेवायला सुरुवात केलीय. तर ती तुझी जुनी गिऱ्हाईक, बँकेतली बाई, आता काठी घेऊन चालते म्हणे, ती तिच्यासमोर येऊन म्हणाली, "खेकडे नीट बघून दे गं. तुझ्या आईने मला एकदा मेलेले आणले होते, तेही जावई यायच्या दिवशी." धाकटीला ते लागलं. मला विचारते, "दादा, आयने खरंच त्या उन्हात ठेवलेल्या काय रे? तू होतास ना तिथे?" मी म्हणालो, "बरीच वर्षं झाली, आठवत नाय." मग इथे नेटवर्क नाही सांगून फोन कापला. नेटवर्क झकास होतं.

मी इथे आखातात आहे. सात वर्षं झाली. वाळवंटात पाइप टाकायचं काम. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा नियम आहे, तेव्हा आम्ही पत्र्याच्या खोलीत पडून असतो. बाकीचे झोपलेत आणि मी लिहितोय. तुझ्या बोलीत लिहायला गेलो की हात अडतो, म्हणून शाळेतल्यासारखं लिहितोय. नववी सोडलेल्या माणसाला जमेल तेवढं. आणि मला सगळं आठवतं. तुझ्या त्या दिवसाच्या साडीवर कुठे खवला चिकटला होता तेही आठवतं.

तुझ्या पाटीत बाकी सगळं मेलेलं असायचं, चिंबोरी तेवढी जिती. मेलेली चिंबोरी तू कधी विकली नाहीस. कुणी फुकट मागितली तरी द्यायची नाहीस, "पोट बिघडलं तर नाव माझंच घेशील" म्हणायचीस. खाडीवरून आणलेल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधून तू त्या ओल्या गोणपाटात गुंडाळायचीस आणि मोरीच्या बाजूला सावलीत ठेवायचीस. पायांतला चिखल धुवायची नाहीस. आम्हाला किळस यायची, तर म्हणायचीस, "राहू दे, ती तिची गादी हाय." गोणपाट वाळायला लागलं की कॅनमध्ये भरून आणलेलं खाडीचं पाणी हाताने शिंपडायचं, बस. मे महिन्यातही दोन दोन दिवस जगायच्या. विकताना तू तिच्या डोळ्यापाशी बोट न्यायचीस, डोळा झटकन आत जायचा आणि तू म्हणायचीस, "लाजली बघा!" अख्ख्या बाजारात तुझं नावच पडलं होतं, जितीवाली मावशी. त्या नावावर तू किती खूश होतीस ते तू कधी बोलली नाहीस, पण कुणी तशी हाक मारली की पदर नीट करायचीस.

मला एक जुनी दुपारही आठवते. मी सात-आठ वर्षांचा आहे, ओहोटी आहे, आपल्या दांडा गावच्या खडकांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही इतके ते तापलेत. तू उकिडवी बसून कालवं काढतेयस. "बघ, मेलीत काय रं?" मी म्हणतो, मेलीत, इतक्या उन्हात काय जगणार. तू माझ्या हातात लोखंडी सळई देतेस, "उघडून दाखव." मी जोर लावतो, शिंपला हलत नाही. "मेलेलं आपोआप उघडतं," तू म्हणतेस. "ही पाणी धरून बसलीत आत. भरती येईस्तोवर असंच." बारक्या गोगलगायी सगळ्या खडकाच्या सावलीच्या बाजूला चिकटलेल्या, तेही तूच दाखवलंस. तेव्हा मला ते सगळं माहीतच होतं असं वाटलं. मला नेहमीच असं वाटत आलं.

आता तो दिवस. मी एकोणीस वर्षांचा होतो, म्हणजे लहान होतो असं मला म्हणता येत नाही. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधलं काम मी मालकाशी भांडून सोडलं होतं, दोन महिने घरी होतो. त्या बँकेतल्या बाईकडे नवा जावई पहिल्यांदा जेवायला येणार होता. तिने तीन दिवस आधी सहा चिंबोऱ्या सांगून ठेवल्या होत्या आणि तू अमावास्येच्या, मांसाने भरलेल्या, एकेक हातात तोलून निवडून आणल्या होत्यास. सकाळी बाजारात नेल्या तर दिवसभर तापतील, म्हणून घरी ठेवल्यास. निघताना मला म्हणालीस, "अर्ध्या अर्ध्या तासाने शिंपड. ओतू नको. चार वाजता घेऊन ये." मी मोबाइलमधून मान वर न करता हो म्हणालो. तू दारातून परत वळून म्हणालीस, "ऐकलंस ना? ओतू नको." मी म्हणालो, "ऐकलं गं, बहिरा हाय काय मी?"

अकरा वाजता मित्राचा फोन आला. साकीनाक्याला दुसऱ्या एका गाळ्यात माणूस पाहिजे, आत्ता ये. दर अर्ध्या तासाला शिंपडायचं तर जाणार कसा? मग मला वाटलं, पाण्यातलं जनावर आहे, त्याला थेंब थेंब कशाला, एकदाच भरपूर देऊन टाकू. मोरीतलं निळं पिंप नळाच्या पाण्याने भरलं. चिंबोऱ्यांचा चिखल घासून धुतला. सहाही आत सोडल्या, वर झाकण ठेवलं. खरं सांगतो, मला तेव्हा चांगलंच वाटलं होतं, इतक्या उकाड्यात त्यांना थंडगार आंघोळ घातली म्हणून. साकीनाक्याला मालक भेटलाच नाही. तरी मी परत आलो नाही, मित्रांबरोबर कॅरम खेळत बसलो. साडेतीनला घरी येऊन झाकण काढलं तर सगळ्या तळाशी. एकेक उचलली तर पाय खाली लोंबले. शेवटचीचा एक पाय हलल्यासारखा वाटला. त्या एका पायाच्या भरवशावर मी त्या गोणपाटात बांधल्या आणि रिक्षात बसलो.

तू सुरमई कापत होतीस. "आणल्यास?" विचारलंस. मी म्हणालो आणल्या. "बघितल्यास?" "बघितल्या ना. सगळ्या जित्या." तू माझ्या तोंडाकडे बघितलंही नाहीस, इतका तुला त्या शब्दाचा भरवसा होता. बाई समोर पिशवी घेऊन उभीच होती. तू तिला म्हणालीस, "माझ्या पोराने घरून बघून आणल्यात," आणि चार लोक बघतायत म्हणून जरा थाटातच गोणपाट सोडलंस. बोट डोळ्यापाशी नेलंस. डोळा हलला नाही. "झोपली काय गं?" तू हसत म्हणालीस आणि दुसरी उचललीस. मग तिसरी. तिसरीला तू हसली नाहीस. शेजारची मासेवाली ओरडली, "बाई, इकडे या! आमचं पापलेट पण मेलेलंच हाय, पण आमी तसं सांगून विकतो!" सगळे हसले. तू चौथी उलटी केलीस, पायांच्या सांध्यात अंगठा फिरवलास, चिखल नव्हता. नाकाशी नेलीस. आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस, एकदाच. मी मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी बघत उभा राहिलो.

"ऊन लागलं बाई," तू म्हणालीस. "सकाळी मीच उन्हात ठेवल्या. माझी चूक."

"मावशी, साडेचार वाजले. सहाला माणसं येणार. मी वाढू काय त्यांच्या पुढ्यात?" बाई चिडली नव्हती, रडकुंडीला आली होती. तू कापलेली सुरमई तिच्या पिशवीत घालायला गेलीस, तिने पिशवी मागे घेतली आणि शेजारणीकडे गेली. पुढचे कितीतरी दिवस तिच्याकडेच गेली. येताना बसमध्ये तू दिवसाचे पैसे मोजत बसलीस. मला वाटलं घरी गेल्यावर बोलशील. मी तयारी करून बसलो होतो, काय काय सांगायचं ते. पण घरी बाबाने विचारलं, "चिंबोऱ्यांचं काय झालं म्हणे?" तू तांदूळ निवडत होतीस. तू काही बोलायच्या आत मी बोललो, "आयने उन्हात ठेवलेल्या." तुझा हात तांदळात थांबला. मग परत निवडायला लागलीस. बाबा म्हणाला, "इतकी वर्षं धंदा करतेस आणि असं कसं गं?" तू म्हणालीस, "होतं." नंतर मला वाढलंस, आणि मी जेवलो.

बाजारात तू ते मला वाचवायला बोललीस. घरात तेच मी तुझ्यावर टाकलं. त्यानंतर तू चिंबोरी परत कधी आणली नाहीस. बाबाला सांगितलंस की आता गोणपाट उचलवत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. सव्वा वर्षाने तू गेलीस. शेवटचा एक महिना मी रोज तुझ्या खाटेशी बसायचो, म्हणजे बोलायला वेळ मिळाला नाही असंही नाही. मी तुला क्रिकेटचा स्कोअर सांगायचो.

इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पडलो. नव्या माणसाला इथे सुरुवातीला पूर्ण दिवस काम देत नाहीत, थोडं थोडं वाढवतात. मी फोरमनला म्हणालो, मी मुंबईचा, मला उन्हाचं काय शिकवता. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन खड्ड्यात. शुद्धीवर आलो तर आमचा केरळचा नर्स पायाला ओलं फडकं लावत होता आणि हिंदीत शिव्या घालत होता. त्याने समजावलं की शरीर हळूहळू शिकतं. दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, छाती कमी धडधडते. पण एका दिवसात सगळं शिकवायला गेलास तर मरशील. कुंपणापलीकडच्या एका उंटाकडे बोट दाखवून म्हणाला, तो पाठीच्या मदारीत पाणी ठेवतो असं तुला वाटतं ना, तिथे चरबी असते. पाणी कमी पडलं की तो दिवसभर अंग तापू देतो, घाम वाया घालवत नाही, आणि रात्री गार झाला की ती उष्णता सोडून देतो. हे त्याच्या शेकडो पिढ्यांनी कमावलंय, ज्यांना जमलं नाही त्यांची पिल्लं राहिली नाहीत.

त्याचे वडील तिकडे केरळात खाडीतच मासे धरायचे, म्हणून मी त्याला विचारलं. कुणाच्या तरी हातून झालं होतं, नळाच्या पाण्याच्या पिंपात सहा सोडल्या होत्या, असं सांगून विचारलं, की पाण्यातली चिंबोरी पाण्यात कशी मरते? तो हसला. आमच्याकडेही बादलीत ठेवत नाहीत, म्हणाला. ती ओहोटीत चिखलात उघडी पडणारी जात. कवचाखाली कल्ल्यांपाशी थोडं पाणी धरून ठेवते, कल्ले ओले राहिले की हवेतूनही श्वास घेते. ओलं गोणपाट, सावली, एवढंच तिला लागतं. साचलेल्या पाण्यात सहा जणी सोडल्या तर पाण्यातला श्वास सगळ्या मिळून संपवतात. त्यात पाणी तापलं की त्यात मुळात श्वास कमी, आणि त्यांना लागतो जास्त. वर नळाचं गोडं पाणी, म्हणजे अंगातल्या मिठाचीही वाट लागते. "गुदमरून मेल्या असतील," तो म्हणाला, "कुणी मूर्खाने झाकण वगैरे ठेवलं असेल तर लवकरच." मी म्हणालो, हो, ठेवलं होतं बहुतेक.

आय, मला आधी वाटलं की कारण कळलं म्हणजे जरा हलकं वाटेल. म्हणजे बघ, ही शिकलेल्या माणसाची गोष्ट होती, मला कुठून माहीत असणार. दोन दिवस मी स्वतःला असं समजावलंही. पण मग आठवलं की तुलाही हे श्वासाचं-मिठाचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी तू मला दोनदा सांगितलं होतंस, दारातून परत वळून. आणि पाणी ओतणं तर एक वेळ सोडून दे. "बघितल्या, सगळ्या जित्या" हे बोलायला मला कुठलं उन्हाचं ज्ञान कमी पडलं होतं? आणि घरी ते दुसरं वाक्य? चिंबोऱ्यांची चूक सांगता येते आय, कुणालाही सांगून हसवता येईल अशी आहे ती. ते तांदूळ निवडताना बोललेलं वाक्य मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

धाकटी फोनवर अजून एक बोलली होती. बाई गेल्यावर शेजारची मासेवाली तिला म्हणाली, "तुझ्या आयचा हात शेवटी शेवटी चुकायला लागला होता गं." तर धाकटीने तिला काय उत्तर दिलं माहीत आहे? म्हणाली, "चुकला असेल, मी नाय चुकणार." तुझी चूक ती पदरात बांधून धंदा करतेय. दर अर्ध्या तासाला शिंपडत असेल, घाबरून, तुझ्यासारखं होऊ नये म्हणून.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ता कुठला. खरं तर हे धाकटीलाच लिहायला पाहिजे होतं. तिचा नंबर आहे, ती एका मिनिटात वाचेल, आणि दुसऱ्या मिनिटाला फोन करून विचारेल की दादा, इतकी वर्षं तू गप्प का बसलास. तू काही विचारणार नाहीस. म्हणून मी तुला लिहिलं.