तीन लिटर आणि पहिला उतार

३ ऑक्टोबर, शनिवार

दुरुस्ती. गेल्या रविवारच्या नोंदीत 'टेकडीचा पहिला उतार उतरले' असं लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. उतरले ती चालत, सायकल हातात धरून. त्याच नोंदीत 'वारा छान लागत होता' असंही आहे. चालताना जेवढा लागतो तेवढाच लागत होता.

चुकीची नोंद खोडायची नाही, तारीख घालून दुरुस्ती लिहायची, ही बाबांची शिकवण. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दर दोन वर्षांनी बदली. त्यामुळे मी आठ वर्षांची होईपर्यंत आमची शाळा घरातच भरायची. बाबांनी गणित शिकवलं, आईने अक्षर, आणि चार वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने उरलेलं सगळं, म्हणजे पोहणं, शिट्टी वाजवणं आणि सायकल. शिट्टी अजून येत नाही.

आता ताईचीच बदली झाली आहे. सव्वीसला, सोमवारी, जाणार. दोन वर्षं तरी येणं नाही. जाण्यापूर्वी तिची एकच मागणी आहे. एका रविवारी मी तिच्याबरोबर टेकडीची पूर्ण वाट करायची. अठरा किलोमीटर. सुरुवातीलाच तो उतार, मग टॉवरपर्यंत चढ, मग मागच्या अंगाने घरी.

मी लगेच हो म्हटलं. चार रविवार आहेत. फक्त पाण्याची सॅक हवी, कारण वाटेत कुठेही नळ नाही. ही सॅक पाठीवर घ्यायची, आत पाण्याची पिशवी असते, पिशवीतून एक नळी खांद्यावरून तोंडाशी येते. टोक चावलं की पाणी. हँडलवरचा हात काढावा लागत नाही. आईला फोटो दाखवला. आई म्हणाली, म्हणजे तान्ह्या बाळाची बाटलीच की, फक्त लांबून.

संकल्प: उद्या सकाळपर्यंत सॅक नक्की करायची.

४ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ६.१०

नक्की झाली नाही. पण तक्ता झाला आहे. अकरा सॅक, चौदा रकाने. चौदावा रकाना 'इतर' असा आहे आणि सगळ्यात जास्त तोच भरला आहे.

ताई दारात बूट बांधून उभी. म्हणाली, अगं, बाटली घे आणि चल. मी सांगितलं की खडबडीत वाटेवर बाटली उडून मागच्याच्या चाकाखाली येते, असं मी वाचलं आहे. ताई म्हणाली, मागे तूच असणार, मग कुणाच्या चाकाखाली येईल? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

ती एकटीच गेली. तीन रविवार उरले. पुष्कळ आहेत.

सकाळी १०.३०

ताई आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहरा फुललेला. मी तक्त्यात 'चिखलानंतर धुता येते का' हा पंधरावा रकाना वाढवला. म्हणजे सकाळ वाया गेली असं कुणाला म्हणता येणार नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर सायकलच्या दुकानात. दुकानदार एक चाक स्टँडला लावून स्पोक ताणत होते. हात काळे, त्यामुळे सॅक मला हनुवटीने दाखवल्या. एक दोन लिटरची, एक तीन लिटरची. म्हणाले, किती तासांची राइड? मी हिशेब काढूनच नेला होता. माझा सरासरी वेग ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे पाच तास, तासाला अर्धा लिटर, एकूण अडीच लिटर. दुकानदार चाक फिरवायचे थांबले. म्हणाले, ताशी साडेतीन? तुम्ही सायकलवर बसता की सायकल तुमच्यावर?

मी शांतपणे सांगितलं की हा वेग सुरक्षिततेसह आहे. ते म्हणाले, दोन लिटर घ्या, भरपूर होतं. मी विचारलं, 'भरपूर' कशाच्या आधारावर? म्हणाले, वीस वर्षं दुकान आहे. हा आधार होत नाही, पण मी बोलले नाही. दुरुस्ती: बोलले.

अडीच लिटरची सॅक कुणीच बनवत नाही, ही मोठी उणीव आहे. तीनची घेतली. टॅग कापला नाही तर पंधरा दिवसांत परत घेतात. त्यामुळे ही खरेदी नसून चाचणी आहे.

७ ऑक्टोबर, बुधवार

बाबांनी सॅक हातात घेतली आणि दहा वर्षांनी तरुण झाले. त्यांच्याकडे पितळेचं एक लिटरचं माप आहे. ते आणि बाबा एकाच वर्षी निवृत्त झाले. आधी त्या मापाने आणि शेवटी औषधाच्या टोपणाने पाणी ओतत गेले. 'तीन लिटर'च्या रेषेपर्यंत पिशवीत मावलं दोन लिटर आठशे चाळीस. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, बाळा, एकशे साठ मिली! चाळीस पिशव्यांमागे सहा लिटर चारशे मिली हवा विकतायत! तक्रारीचा मसुदा सुरू झाला. दुसऱ्या परिच्छेदात ताई आली, तिने टेबलावर आडवी ठेवलेली पिशवी उचलून खुंटीला टांगली. पाणी रेषेच्या खाली गेलं, आणि रेषेपर्यंत भरायला तीन लिटरच्या वर उलट वीस मिली जास्तच लागलं.

बाबांनी मसुद्याची घडी घातली आणि माप पुसायला घेतलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

उद्या जायचं जवळपास ठरलं होतं. पण नळीला वास येतो. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मी जर न तपासलेल्या नळीतून पाणी प्यायले तर उद्या कुठल्या तोंडाने लोकांच्या टाक्यांवर शेरे मारू? म्हणून आज लॅबमध्ये नळीच्या टोकाचा नमुना घेतला, प्लेटवर लावला, इनक्युबेटरमध्ये ठेवला. अठ्ठेचाळीस तास लागतात. निकाल सोमवारी. म्हणजे उद्याचा रविवार शास्त्रीय कारणाने रद्द.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, तू लहानपणी अंगणातल्या पाइपला तोंड लावून पाणी प्यायचीस आणि कुत्राही त्यालाच तोंड लावायचा. मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे पात्रता नव्हती.

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्लेट स्वच्छ. एकही ठिपका नाही. मला आनंद झाला. दुरुस्ती: थोडी निराशाही झाली, कारण कळत नाही.

मोठ्या मॅडम रजिस्टर चाळताना थांबल्या. 'पाठ-१' हा कुठला स्रोत? मी म्हटलं, खाजगी आहे मॅडम. त्यावर किती लोकसंख्या अवलंबून आहे? मी म्हटलं, एक. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे पाहिलं. म्हणाल्या, त्या एकाला रजा हवी असेल तर अर्ज कर, इनक्युबेटर अडवू नकोस.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सराव. रोज संध्याकाळी भरलेली सॅक पाठीवर घेऊन घरात वीस मिनिटं चालते. डायनिंग टेबलाभोवती घड्याळाच्या दिशेने दहा, उलट दहा. आज छातीवरचं बक्कल लावलं तर मानेला काहीतरी टोचलं. मी फक्त 'टोचतंय' एवढंच म्हटलं. आई शिवणाच्या मशीनवर होती, कात्री हातातच. कच्च. म्हणाली, बघ, एवढंसं होतं.

टॅग.

मी काही बोलले नाही. दुरुस्ती: पाऊण तास बोलले. आई म्हणाली, बरं झालं, परत द्यायचा मार्ग बंद झाला की माणूस वापरायला लागतो. तुझ्या बाबांच्या बाबतीत मी तेच केलं. बाबा पेपरमागून म्हणाले, ऐकतोय मी.

संकल्प: अठराला जाणारच.

१८ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९.१५

गेले! पहिल्या उताराच्या माथ्याशी बरोबर सहा पन्नासला. ताई पुढे. उतारावरून ती सर्रकन खाली गेली, खालून हात हलवला. ओरडली, ये! दोन्ही ब्रेकवर बोटं ठेव आणि ये!

मी ब्रेकवर बोटं ठेवली. तेव्हा लक्षात आलं की पाठीवर तीन लिटर पाणी डुचमळतंय. उतारावर तोल जाऊ शकतो. उपाय सोपा होता. पाणी कमी करायचं. मी तिथेच उभी राहून दोन लिटर प्यायले. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात ताई सायकल ढकलत वर आली आणि बाजूच्या दगडावर बसून बघत राहिली. पिऊन झाल्यावर मी तयार होते. फक्त आता वेगळीच निकड होती. अशी की उतार सोडा, गतिरोधकही चालला नसता.

घरी परत. ताई सोबत आली. वाटभर एक शब्द बोलली नाही. मला वाटलं रागावली आहे, पण रागावली की ती बोलते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, अगं पण दोन लिटर पाठीतून पोटात गेलं, वजन कुठे कमी झालं?

२१ ऑक्टोबर, बुधवार

सॅक सापडेना. आईच्या पाठीवर होती. मशीनवर बसून ब्लाउज शिवत होती आणि तोंडात नळी. म्हणाली, उठावं लागत नाही, छान आहे गं. तिने पट्टे आपल्या मापाने टाचून घेतले आहेत. ते उसवायला हवेत. उद्या.

२४ ऑक्टोबर, शनिवार

ताईच्या बॅगा हॉलमध्ये. स्वेटर भरता भरता तिने विचारलं, खरं सांग, तुला सॅक पसंत नाही की उताराची भीती वाटते? मी म्हटलं, भीतीची लक्षणं वेगळी असतात. तो उतार नुसता आठवला तरी माझ्या तळहातांना घाम येतो, तो शरीरातलं पाणी कमी झाल्याचा पुरावा आहे आणि त्यासाठीच तीन लिटरची सॅक लागते. ताई स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली. हसत होती बहुतेक.

उद्या शेवटचा रविवार. सॅक भरून खुंटीला टांगली आहे. गजर पाचचा.

२५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ६.३०

पाच पन्नासला पिशवीत हवेचा बुडबुडा दिसला. बुडबुडा असला की आवाज येतो, आवाज आला की लक्ष विचलित होतं. पिशवी रिकामी करून पुन्हा भरली. पुन्हा बुडबुडा. तिसऱ्यांदा भरत असताना ताई दारातून म्हणाली, सहा वाजले गं. मी म्हटलं, दोन मिनिटं. सव्वासहाला पुन्हा तेच म्हटलं.

मग बाबांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, ही सायकल मोकळी आहे का?

आई ओरडली, चौसष्ट वर्षांचे आहात, हाडं मोजायला लागतील! बाबा म्हणाले, मोजायची सवय आहे मला. घरातल्या चपला, फुल पँटचे पाय मोज्यात खोचलेले, हातात काही नाही. ताई आणि बाबा गेले.

मी फाटकात उभी आहे. सॅक पाठीवर. बुडबुडा गेला आहे.

दुपारी १२

पावणेबाराला आले. बाबांचा तळहात खरचटलेला, एका चपलेचा पट्टा तुटलेला. पहिल्याच उतारावर पडले. पडल्याची हकीकत चार वेळा सांगितली. पहिल्यांदा उतार पन्नास फुटांचा होता, चौथ्यांदा दोनशेचा. ज्या माणसाने एकशे साठ मिलीसाठी तक्रारअर्ज लिहायला घेतला, तो माणूस! ताई हसून हसून पायरीवरच बसली. पाणी दोघं तिच्या बाटलीतून प्यायले. पुरलं म्हणे.

मीही हसले. दुरुस्ती: हसले नाही. आत गेले.

ताई मागून आली. म्हणाली, मला टॉवर बघायचा नव्हता गं. टॉवर मी दर रविवारी बघते. तू किंचाळत खाली येताना मला खाली उभं राहून बघायचं होतं. सायकल शिकताना तू अशीच किंचाळायचीस, आणि मग म्हणायचीस, परत.

मी तिला म्हटलं, बुडबुडा होता.

ती म्हणाली, हो ना.

२६ ऑक्टोबर, सोमवार

ताई गेली. साडेआठची गाडी होती, आम्ही सव्वासातलाच स्टँडवर. वेळेआधी पोचणं मला चांगलं जमतं.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दुरुस्ती. या महिन्यातल्या सगळ्या नोंदींना एकत्र. सॅक पहिल्या दिवसापासून बरी होती. दोन लिटरचीही बरी होती. बाटलीही चालली असती. त्या उतारावर मी कधी पडलेले नाही, कारण तिथे मी सायकलवर कधी बसलेलेच नाही. मला भीती वाटते. चार रविवार वाटत होती. आताही वाटते.

ताईचा फोन आला होता. तिकडे म्हणे सगळं सपाट आहे, ताटासारखं. सायकल चालवायचा कंटाळा येतो. इकडचं विचारलं. मी सांगितलं की सॅक आईला देऊन टाकली आणि मी उतार उतरणार आहे. बसून. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, खरंच. ती म्हणाली, बरं म्हटलं ना. मग म्हणाली, तारीख सांग. मी म्हटलं, लवकरच. ती म्हणाली, लवकरच ही तारीख नसते, बाबांना विचार.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, मी खाली उभा राहतो. पण तुझ्या ताईसारखा हात हलवणार नाही, अजून दुखतोय.

पूर्ण वाट नाही. टॉवर नाही. फक्त तो एक उतार, पन्नास फूट, बाबांच्या पहिल्या मोजणीप्रमाणे. किंचाळायची मुभा आहे.

तारीख: रविवार, १ नोव्हेंबर, सकाळी साडेसहा.