तीस मीटरवरची वाघीण

प्रिय खुशाल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. मागच्या महिन्यात तू विचारलं होतंस, चंदाला पाखरांचे फोटो काढायचेत, कोणता कॅमेरा घेऊ? पोरीला ताटकळत ठेवलं, आज सांगतो. दुकानदार मोठ्या सेन्सरचा गळ्यात मारील. लग्नाच्या हॉलमध्ये, कमी उजेडात तो राजा. पण दूरचं पाखरू जवळ आणायला त्याला हातभर लांब, दंड भरून येईल एवढी जड लेन्स लागते. तिला लहान सेन्सरचा घे, जुना चालेल, आणि पैसे लेन्सवर घाल. लहान सेन्सर चित्राचा मधलाच तुकडा उचलतो, म्हणून तीनशे मिलिमीटरची लेन्स त्यावर सहाशेसारखी दिसते. तीस मीटरवरचं जनावर पंधरावर बसल्यासारखं वाटतं.

नागझिऱ्यातली ती वाघीण तीस मीटरवर होती, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? जिप्सी तूच थांबवलीस. मी 'अजून थोडं पुढे' म्हणालो, तेव्हा तू असं पाहिलंस की मी तिथूनच कॅमेरा डोळ्याला लावला. पाठ दुखत होती म्हणून त्या दिवशी मी लहान सेन्सरचा कॅमेरा आणला होता. पण माझ्या स्टुडिओच्या पाटीवर मोठ्या कॅमेऱ्याचं चित्र आहे ना! बडा घर पोकळ वासा. स्पर्धेला फोटो पाठवताना लिहून टाकलं: मोठा कॅमेरा, तीनशेची लेन्स, अंतर पंधरा मीटर. बक्षीस मिळालं, शाल मिळाली, गोंदियात चार लोक नमस्कार करू लागले. आणि छापून आलेला तोच मजकूर वाचून वनखात्याच्या साहेबांनी तुला कामावरून घरी बसवलं, जनावराच्या फार जवळ गाडी नेली म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परवा रुख्मावहिनी स्टुडिओत आल्या. चहाला हात लावला नाही. "भाऊजी, हे रोज सकारी वर्दी घालून आंगनात बसून राह्यतेत. तुमी खरं काऊन नाही सांगून राहिले?" तू चौकशीत माझ्याविरुद्ध शब्द काढला नाहीस, दोस्त आहे, चुकून लिहिलं असेल म्हणालास, हेही त्यांनीच सांगितलं. चुकून नाही रे. लिहायलाही लाज वाटते.

तुला वाटतंय, तुझा शब्द एकीकडे आणि तो छापील कागद दुसरीकडे. तसं नाही. फोटोच्या मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं नाव आपोआप नोंदलं जातं. ती बघितली की कॅमेरा लहान होता हे कळतं, पंधराचे तीस होतात, तू सुटतोस. ती फाइल असलेलं कार्ड अठरा दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. ते द्यायला दोनदा मोटरसायकल काढली आणि दोन्ही वेळा वाटेतल्या गोरेगावहून परत फिरलो.

उद्या अकराला तुझी शेवटची चौकशी. मी येणार आहे. पण माझा मलाच भरवसा उरलेला नाही, म्हणून हे पत्र आजच वहिनींच्या हाती देतोय. पाकिटात मेमरी कार्ड आहे. मी पोचलो नाही, तर माझी वाट पाहू नकोस, आणि दोस्ती तर मुळीच आठवू नकोस. कार्ड आणि हे पत्र, दोन्ही साहेबांपुढे ठेव. म्हणूनच खाली पूर्ण नावाने सही करतोय.

तुझाच,
योगराज टीकाराम रहांगडाले