ओंडक्याचं पलीकडचं टोक

चि. राजे यांस,

थोरल्या बहिणीचे, तिच्यापाशी उरले असतील तेवढे आशीर्वाद. तुमची प्रकृती ठणठणीत असणार, कारण ती बिघडली असती तर तुमचा फोन आला असता. (बरं असलं की तुम्ही फोन करत नाही, हे आता अनुभवाने कळलं आहे. त्यामुळे फोन आला नाही की आम्ही निर्धास्त असतो, आणि गेलं वर्षभर फारच निर्धास्त आहोत.) आईची प्रकृती तुम्ही ठेवून गेलात तशीच, म्हणजे गुडघे तेच, औषधं तेवढी नवी. माझी प्रकृती विचारायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून लिहीत नाही.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही कायम मीटिंगमध्ये असता आणि विषय मोठा आहे. विषय तुमच्या टाकीचा. मागच्या खेपेला तुम्ही दोन दिवसांसाठी आलात आणि आईला एकटं वाटू नये म्हणून तिच्या पलंगासमोर ती माशांची काचेची टाकी मांडून गेलात. (आईला एकटं वाटतं, याचं मला नवल वाटलं. मी त्याच घरात राहते.) टाकीसाठी माझं इस्त्रीचं टेबल घेतलंत. तेव्हापासून मी पलंगाच्या कडेवर इस्त्री करते आणि दवाखान्यात एका बाजूने चुरगळलेली जाते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टाकीतल्या त्या ओंडक्याला बांधलेल्या झाडाबद्दल, आणि निघताना उंबऱ्यात पाय ठेवून तुम्ही जे बोललात त्याबद्दल. काय बोललात ते तुम्ही विसरला असाल. आई विसरलेली नाही. "आई, हे झाड सरपटत ओंडक्याच्या पलीकडच्या टोकाला पोचलं ना, की मी आलोच समज!" असं म्हणून तुम्ही रिक्षात बसलात. आईने त्याच संध्याकाळी खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली.

आता ऐका. मी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसणारी बाई, मला पाण्यातल्या झाडांचं काय कळणार? जन्मभर झाड म्हणजे मातीत, एवढंच पाहिलेलं. हे बापडं उघड्यावर दोऱ्याने लटकतंय म्हटल्यावर मला त्याची दया आली, आणि तुम्ही गेल्यावर आठवडाभरातच मी त्याचं ते आल्यासारखं आडवं खोड वाळूत छान खोल पुरलं. वर दोन खडे दाबले. पंधरवड्यात पानं पिवळी आणि खोड मऊ, आणि टाकीला असा वास की मासे एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. (मासे चारच आहेत, पण चौघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाठ फिरवली, ते मला लागलं.) तुम्ही ज्या दुकानातून झाड घेतलंत तिथे गेले तेव्हा कळलं की या जातीचं खोड पुरायचंच नसतं, पुरलं की कुजतं. कुजलेला भाग कापला, उरलेलं शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने पुन्हा ओंडक्याला बांधलं. म्हणजे जेवढं पुढे सरकलं होतं त्याहून मागे आलं. आईने हे सगळं खुर्चीतून पाहिलं. संध्याकाळी फक्त विचारलं, "किती उरलं गं?"

हा प्रश्न तेव्हापासून रोज आहे. मी दवाखान्यातून येते, पर्स खुंटीला लावायच्या आत हा प्रश्न. बोटाने ओंडक्यावरचं अंतर दाखवायचं आणि मग हातपाय धुवायचे. रोज तेवढंच अंतर दाखवून माझंच बोट मला खोटं वाटायला लागलं, म्हणून मी झाडाच्या हात धुऊन मागे लागले. दुकानदार म्हणाला, उजेड वाढवा. नवा दिवा आणला. झाड जागच्या जागी राहिलं आणि पानांवर शेवाळाच्या दाढ्या आल्या, कारण (हे मागाहून सांगितलं) हळू वाढणाऱ्या पानावर शेवाळाला बसायला निवांत वेळ मिळतो. त्या दाढ्या मी दवाखान्यात फुकट वाटायच्या ब्रशांनी घासल्या, लहान मुलांच्या, सशाचं चित्र असलेल्या. दिवसभर लोकांना 'हळू, गोल गोल घासा' सांगायचं आणि घरी येऊन झाडाला गोल गोल घासायचं. मग खताची बाटली आणली. पाणी असं हिरवंगार झालं की मासे दिसेनात. आई म्हणाली, बरं झालं, त्यांना जरा पडदा मिळाला. दुकानदाराने मग पाणी बदलायची नळी विकली, आणि त्या नळीने मी एकदा अर्धी टाकी आईच्या चादरीवर रिकामी केली. त्या दिवशी मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं तुमच्याबद्दल होतं.

शेवटी मी दुकानदारालाच धारेवर धरलं. म्हटलं, आजवर तुम्ही सांगाल ते विकत घेतलं, हे झाड हलत का नाही? तर तो हसला. म्हणाला, ताई, ही जातच तशी, महिन्याला एखादं पान टाकलं तरी खूप. आणि तुमच्या भावानेच सांगितलं होतं की, दुकानातलं सगळ्यात सावकाश वाढणारं द्या.

राजे, तुम्ही ते देखभाल कमी लागावी म्हणून मागितलं असेल. मी रस्ताभर स्वतःला हेच समजावत आले. तरी घरी पोचेपर्यंत माझी समजूत पटली नव्हती.

त्यात आता नवीनच. झाडाने हट्ट सोडला असावा, कारण खोडाच्या टोकाला कोंब यायला लागले. पोपटी, गुंडाळलेले, चांगले तरारलेले. मी सकाळी बघून जाते, संध्याकाळी येते तर कोंब गायब! एकदा नाही, दर वेळी. दुकानदार म्हणाला, गोगलगायी खातात. मी एकेक गोगलगाय चिमट्याने उचलून दवाखान्यात पेशंटांसाठी ठेवलेल्या माशांच्या टाकीत (तिथली झाडं प्लास्टिकची) हद्दपार केली. तरी कोंब गायबच. मग माशांवर संशय घेतला, त्यातल्या त्यात जाड्यावर. त्याला बरणीत वेगळा ठेवला, तो रुसून अन्न खाईना, परत सोडला. मी हात टेकले आहेत. ही टाकी तुम्ही न्या, नाहीतर कोणाला तरी पाठवून उचला, आणि माझं टेबल मला मोकळं करून द्या, एवढीच विनंती.

कळावे. आईचा लोभ तुमच्यावर अमाप आहे, तो वाढवायची गरज नाही. माझ्या लोभाचं तुमच्या झाडासारखं आहे, वाढत नाही पण मरतही नाही.

तुमची,
ताई

ता. क. उचलायला माणूस पाठवाल तर नळीही द्यायची आहे. ती मला डोळ्यांसमोर नको.

ता. क. दुसरा. वरचं सगळं दवाखान्यात काउंटरवर लिहिलं. पाकिटात घालणार एवढ्यात डॉक्टरांचीच दाढ ठणकायला लागली आणि त्यांनी दुपारीच दवाखाना बंद केला. घरी आले. आई खुर्चीत नव्हती. ती टाकीपाशी उभी होती, काठीशिवाय, एका हाताने टेबल धरून. दुसरा हात बाहीसकट पाण्यात. नखाने तिने कोंब खुडला, पदरात पुसला आणि वळली तर समोर मी.

मी ओरडलेच. म्हटलं, अगं आई, इतके दिवस मी गोगलगायींना शिव्या घालतेय! ती खुर्चीत बसली आणि गुडघे चोळले. मग म्हणाली, "ते टोकाला पोचलं आणि तो नाही आला, तर? न पोचलेलं बरं. तोवर त्याचा शब्द खोटा नाही."

रोज संध्याकाळी ती 'किती उरलं' विचारायची, ते मला वाटायचं आशेने. ती खात्री करून घेत होती.

ता. क. तिसरा. टाकी न्यायला कोणाला पाठवू नकोस. टेबल राहू दे, पलंगावर इस्त्री जमते आता मला. गोगलगायी मी उद्या परत आणते, त्यांचा काही दोष नव्हता. तू ये. झाड अजून ओंडक्याच्या अर्ध्यावरसुद्धा नाही, ते तसंच राहणार आहे, म्हणून त्याची वाट बघू नकोस. आणि आलास की झाडाचं नाव काढू नकोस, हे पत्र मिळालं असंही म्हणू नकोस. सहज आलो म्हण. तिला तुझं खोटं लगेच कळतं, पण एवढं ती चालवून घेईल.