गोड पाण्याचा समुद्र

आई, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन शेहेचाळीस वर्षं झाली आणि मी आज दुपारी नातीची जुनी वही घेऊन बसलोय. घरात कुणी नाही. मुलगा आणि सून कामावर, नात कॉलेजात, बायको खालच्या मजल्यावर भजनाला गेली आहे, पाचपर्यंत येणार नाही. दाराला आतून कडी लावली. मग वाटलं, मला काही झालं तर माणसं आत कशी येतील, म्हणून उठून काढली. माझं हे असंच आहे, तुला ठाऊक आहे. पूर्वी मी तुला पत्रं पाठवायचो ती गावातले गुरुजी पारावर बसून वाचून दाखवायचे, आजूबाजूला चार माणसं ऐकायची. त्यामुळे त्यांत खरं असं काही लिहिता यायचं नाही. काम चांगलं आहे, खाणं वेळेवर आहे, काळजी नसावी. हे पत्र कुणी मोठ्यानं वाचणार नाही. सातवीपर्यंतच्या शाळेत जमेल तेवढं नीट लिहितो.

गेल्या रविवारी आम्ही सगळे मुंबई बघायला गेलो होतो. इतकी वर्षं डोंबिवलीत राहून आता काय बघायची मुंबई, असं मी चार दिवस म्हणत होतो. पण नातीनं हट्ट धरला. तिनं आपल्या भिंतीवरचा तुझा फोटो मोबाईलमध्ये घेतला होता. तोच, तू पाण्याकाठी उभी आहेस, डोक्यावर पदर, हात पोटाशी, फोटो काढणारा रागावतोय अशा चेहऱ्याची. घरात त्याला ‘समुद्रावरची आजी’ म्हणतात. नातीचं म्हणणं, पणजी चौपाटीवर जिथे उभी होती त्याच जागी उभं राहून तिला तसाच फोटो काढायचाय. हे ऐकल्यापासून मी सबबी शोधत होतो. आधी म्हटलं, ऊन फार आहे. मग म्हटलं, माझा गुडघा. मग म्हटलं, रविवारी तिकडे कसला तरी मोर्चा आहे, टीव्हीवर दाखवलं. मुलगा म्हणाला, “बाबा, मोर्चा नागपूरला आहे.”

भाड्याची गाडी केली होती. मी पिशवी भरली. गोळ्या, पाण्याच्या चार बाटल्या, सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, टॉर्च, सुतळी. बायको पिशवी उघडून बघते आणि म्हणते, “अहो, मुंबईला चाललोय, काशीला नाही. आणि सुतळी कशाला? आम्हाला बांधून नेणार?” सून म्हणाली, “असू द्या आई, बाबांनाच बांधू, कुठे जाणार नाहीत.” गेटवेला पोचल्यावर सगळे होडीत बसायला निघाले. मी होडीवाल्याला विचारलं, पोहता येतं का? तो म्हणाला, “मला येतं काका, होडीला विचारा.” मी काठावरच पिशवी धरून उभा राहिलो. ते चौघं लांब जाईपर्यंत मोजत होतो, येईपर्यंत मोजत होतो. परत आल्यावर बायको चार बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बघा, मेलो नाही आम्ही.”

मग चौपाटी. चार वाजले होते. नात वाळूत पुढे पुढे जाते आणि वळून हाक मारते, “आजोबा, नक्की कुठे उभी होती पणजी? इकडे की तिकडे?” आई, मी हात वर केला आणि बोट दाखवलं. “तिथे,” म्हटलं, “जरा डावीकडे. हां, बास.” पोरगी जाऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी घेतली, हात पोटाशी, तुझ्यासारखंच तोंड केलं. मुलानं फोटो काढला आणि तुझा जुना फोटो शेजारी लावून बघितला. नातीनं तो कसा कोण जाणे मोबाईलमध्येच स्वच्छ केला होता. भिंतीवर जिथे नुसता डाग दिसतो तिथे देवळाचा कळस दिसत होता, पलीकडचा काठ दिसत होता, एक सायकलवालासुद्धा दिसत होता. सुनेचं माहेर ठाण्याचं. तिनं मोबाईल हातात घेतला, मोठा करून बघितला आणि ओरडली, “अय्या, ही तर आमची तलावपाळी, ठाण्यातलं तळं!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको म्हणाली, “अहो, तुम्हीच नेलं होतं ना त्यांना?” तेव्हा मी काय बोललो ते तुला सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र. मी म्हणालो, “नेलं होतं ना. दोन्हीकडे नेलं होतं. फोटो तळ्यावर काढला. तिला खेड्यातल्या बाईला काय फरक कळतोय, तिनं गावात हाच समुद्र म्हणून सांगितलं.” मग जे हसले सगळे! मुलगा वाळूत बसला हसून हसून. “आजी म्हणजे ग्रेटच, तळ्याला समुद्र समजली!” नात म्हणाली, “सो क्यूट.” मीही हसलो.

तू एकदाच आलीस माझ्याकडे. तेव्हा मी कळव्याला एका खोलीत दोघांबरोबर राहत होतो आणि कोलशेतच्या कारखान्यात जात होतो. गावाला मात्र मुंबईत आहे असं लिहायचो. सगळेच लिहायचे. तू एसटीतून उतरलीस ती पहिलं वाक्य हे की, “मला समिंदर बघायचाय. बायकांस्नी सांगून आलीया.” आपल्याकडे माणच्या दुष्काळी बाजूला विहिरीला पाणी असलं तरी लोक बघायला जायचे. मी म्हटलं, रविवारी नेतो. शनिवारभर मला जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर मला मुंबई येत नव्हती. एकदाच गेलो होतो, दादरला चुकलो, पाट्या इंग्रजीत, विचारलं तर लोक थांबत नाहीत. चार तास भटकून एका दुकानाच्या पायरीवर बसून रडलो होतो, बावीस वर्षांचा घोडा. तुला बरोबर घेऊन पुन्हा चुकलो तर? तुझा हात सुटला तर? तुला पत्ता सांगता आला नसता.

रविवारी सकाळी तू नवं लुगडं नेसून बसली होतीस. मी तुला ठाण्याच्या बसमध्ये बसवलं. पुलावर आलो तसं तू खिडकीतून बघून म्हणालीस, “ह्योच का रं?” मी म्हटलं, छे, ही खाडी. मला किती वेळा वाटलं, तिथेच हो म्हटलं असतं तर निदान पाणी तरी खारं होतं. पण मी पुढे नेलं, बाजारातून फिरवलं, म्हटलं ही मुंबई. तू दुकानं बघून खूश. मग तळ्याच्या काठी आणून उभं केलं. होड्या होत्या, भेळवाला होता, माणसं फिरत होती. तू या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघितलंस.

“आरं, लाटा कुठं हायती?”

“दुपारनंतर येतात.”

“आन् पल्याड ती घरं कुणाची?”

“ते दुसरं शहर आहे.”

तू मान हलवलीस. मग चपला काढून पायऱ्या उतरलीस, ओंजळीत पाणी घेतलंस, कपाळाला लावलंस आणि मी नको नको म्हणेपर्यंत एक घोट घेतलास. नदी दिसली की तू हेच करायचीस. घोट घेतलास आणि वर माझ्याकडे बघितलंस. “ग्वाड हाय की.” मी म्हटलं, “काठाला गोड असतं. आत गेलं की खारट होतं.” तू अजून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मग म्हणालीस, “आसंल. चल, ती भेळ खाऊ.” खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली तू पिशवीतून आणली होतीस. तीर्थ भरून आणतात तसं ते पाणी भरून घेतलंस. फोटोवाल्यापुढे उभी राहिलीस. चौथ्या दिवशी गावाला गेलीस. पुढच्या वर्षी खरा समुद्र दाखवायचा असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मुंबईची वाट शिकून घ्यायची, दोनदा एकट्यानं जाऊन यायचं, मग तुला बोलवायचं. संक्रांतीच्या आधीच तार आली.

रविवारी चौपाटीवरून आल्यापासून मला स्वस्थता नव्हती. बुधवारी गावाकडे चुलतबहिणीला फोन लावला. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची, सारखी तुझ्या मागे मागे असायची. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आईनं मुंबईहून पाणी आणलं होतं, आठवतं का? ती म्हणाली, “न आठवायला काय झालं दादा, अख्ख्या आळीला थेंब थेंब दिलं की काकीनं.” मग तिनं सांगितलं, गुरुजींनी थेंब चाखला आणि चारचौघांत म्हणाले, बाई, समुद्राचं पाणी खारट असतं, हे विहिरीचं दिसतंय. तू म्हणालीस, “तुमच्या पुस्तकातला खारट आसंल. माझ्या लेकानं दावला त्यो ग्वाड हाय.” मी फोनवर हसलो. ती पुढे म्हणाली, “पण त्या सांजच्याला काकीनं बाटलीत मीठ टाकलं. चुलीपाशी बसून. मी बघितलं तर म्हणाली, कुणाला सांगू नगंस. दुसऱ्या दिवशी ज्या बायका आल्या त्यांना खारट लागलं.”

मी विचारलं, मीठ टाकताना ती कशी होती? रागावलेली होती, की हसत होती? बहीण म्हणाली, “आता ते कसं आठवंल रं, मी मिठाकडं बघत हुते.”

म्हणजे तुला कळलं होतं. गुरुजी बोलल्यावर कळलं, की तळ्यावरच घोट घेतला तेव्हा कळलं, हे मला समजत नाही, आणि हेच रोज मनात येतं. तळ्यावरच कळलं असेल तर तू ती भेळ कशी खाल्लीस? शेवटचा पुडा मला दिलास, तिखट आहे म्हणून. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणालीस, लई बघितलं, डोळं भरलं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस का? तू गावभर माझी लाज राखलीस, मरेपर्यंत कुणाला बोलली नाहीस, आणि मी चौपाटीवर चार माणसांत, तीही घरची, तुला वेडी ठरवून मोकळा झालो. एक वाक्य बोलायचं होतं. माझी चूक होती, मी घाबरलो होतो. कुणी मला खाल्लं नसतं. नात तर उलट गळ्यात पडली असती. पण बाप घाबरट आहे हे यांना माहीत असलं तरी माझ्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि तोंडून सांगायचं म्हटलं की मी हसून वेळ मारून नेतो.

नातीनं ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून घरच्या ग्रुपवर टाकले. खाली सगळ्या नातेवाइकांची हसरी तोंडं. मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. शेवटी मीही एक हसरं तोंड टाकलं.

येत्या रविवारी सुनेचे आईवडील जेवायला येणार आहेत. तिनं आताच सांगून ठेवलंय, बाबा, तलावपाळीच्या समुद्राची गोष्ट तुमच्या तोंडून त्यांना ऐकवायची. कशी सांगू ते तू सांग. तुला त्यात राग आला नव्हता एवढं जरी कळलं तरी मला धीर येईल. जिन्यात पावलं वाजतायत, ही आली वाटतं, वही गादीखाली सारतो. रविवारच्या आत काही तरी कळव. नाही कळवलंस तर मी पुन्हा सगळ्यांबरोबर हसेन, माझा मला भरवसा नाही.