तिरक्या बटणांचा कोट

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं-बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. सोबत एका नोटिशीची प्रत आहे. तुझी सगळी नोकरी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, ही भाषा तुलाच कळेल.

मी बटणवाल्याची चित्रं काढते, हे तुला ठाऊक आहे. इंटरनेटवरची ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, कोणालाच माहीत नाही. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेला म्हातारा गल्लीतलं एकेक दार ढकलत जातो आणि कडी नसेल तिथे आत शिरतो. हजारो लोकांनी त्यात भर घातली. आता एका कंपनीने त्याच्यावर सिनेमा काढलाय आणि तिरकी बटणं म्हणे त्यांच्या कलाकाराची कल्पना. त्यांच्या तक्रारींवरून माझी दोन चित्रं, मी ती टाकते त्या साइटने काढून टाकली. तिसरी तक्रार आली की माझं पानच बंद. नऊ वर्षांचं काम आहे त्यात, पुस्तकांची कामंही लोक तेच बघून देतात. बाबा म्हणतात, भुतं सोड, फळं काढ. मी ताट सरकवून उठले.

लोभ असू दे, थोडा धाकही.

तुझी,
रेघोटी

८ मार्च

चि. रेघोटीस,
अनेक आशीर्वाद.

नोटीस दोनदा वाचली. त्यातला अर्धा दम नुसता घाबरवायला असतो. तरी मोठ्यांशी वैर घेऊन आपल्या हाती काय लागणार? त्याची बटणं सरळ लाव आणि मोकळी हो. तपकिरी कोटातल्या साध्या म्हाताऱ्यावर कोण हक्क सांगणार? लहानपणी भिंती रंगवून माझ्यामागे लपायचीस, तेव्हाही मी हेच सांगायचे, की पुसून टाक.

जेवत जा. मायेने लिहितेय, तसंच वाच.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

बटणं सरळ लावून पाहिली. तो कोणीच राहिला नाही. त्यातच काल तिसरी तक्रार आली. गोष्ट सिनेमाच्या आधीची असल्याचा पुरावा सोळा तारखेपर्यंत दिला नाही, तर पान जाणार. बारा वर्षांपूर्वीची पहिली नोंद मला सापडली, पण ती साइट कधीच बंद झाली आणि कुणीतरी उतरवून ठेवलेली प्रत कंपनी मानत नाही. लिहिणारी 'कडीवाली' नावाची कुणी. ती कुठली सापडायला.

एक विचारू? त्याचा कोट सगळेजण काळा काढतात. मीसुद्धा. सिनेमातही काळाच. फक्त त्या पहिल्या नोंदीत तो तपकिरी आहे, आणि तुझ्या पत्रात. कालपासून मला वेगळीच भीती वाटतेय. रागावू नकोस.

तुझीच,
रेघोटी

१३ मार्च

चि. रेघोटीस,
आशीर्वाद.

कोट तपकिरी होता, कारण तो तुझ्या आजोबांचा होता. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसे. स्टुलावर चढून वरची कडी काढून ते बाहेर गेले, असं तू ऐकत आलीस. तुझे बाबाही तेच धरून आहेत. खरं म्हणजे त्या दुपारी मी जेवायला घरी आले, कडी लावायची विसरले आणि माझा डोळा लागला. स्टूल मी नंतर दाराशी नेऊन ठेवलं. बटणं मात्र त्यांची त्यांनी लावली होती. तीन गल्ल्यांतली दारं ढकलत फिरले, लोकांनी हाकललं. सापडले तेव्हा उशीर झाला होता.

पुढे ऑफिसच्या कंप्यूटरवरून मी ते लिहिलं, स्वतःचं नाव न घालता. माझ्या लिहिण्यात तो कुणाला घाबरवत नव्हता, आपलं घर शोधत होता. लोकांनी त्याचं भूत केलं आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. भुताला मुलगी नसते.

त्या जुन्या साइटकडून आलेली तारखेची पोच तेव्हाच छापून फाइलला लावली होती, कारकुनाची खोड. आज प्रतिज्ञापत्र करून पोचेसकट तुझ्या साइटला आणि कंपनीला पाठवलं. पहिलं लिखाण माझं, मला काही नको, ज्याला काढायचा त्याने तो काढावा, एवढंच त्यात आहे. मानतील की नाही, सांगता येत नाही. तुझ्या बाबांनाही वेगळं पत्र टाकलंय, स्टुलाचं लिहून.

जमलं तर माया कमी करू नकोस.

तुझी आत्या

१७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पान अजून आहे. कंपनीने मुदत मागून घेतलीय, जीव टांगणीलाच आहे.

बाबांनी तुझं पत्र वाचलं. आज माझं नवं चित्र मागून घेतलं, तपकिरी कोटाचं, आणि बराच वेळ बटणांवरून बोट फिरवत बसले. मग बॅग काढायला सांगितली. रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणतात. तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय, की कडी लावून बसू नकोस.

तुझी,
रेघोटी